छातीत दुखतंय का? नाही.

मुलुंड पूर्व
११ फेब्रुवारी २०२५

मुकुल,

आशीर्वाद-बिशीर्वाद लिहायच्या मनःस्थितीत मी नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. फोनवर तू "बघतो ना मावशी" म्हणतोस आणि तुझी मीटिंग लागते. कागदाला मीटिंग लागत नाही. हे शेवटपर्यंत वाच आणि कागदावरच उत्तर दे.

हॉस्पिटलने मला निलंबित केलंय. एकतीस वर्षं नर्स आहे मी, त्यातली बावीस याच कॅज्युअल्टीत. तुझ्या आईला अजून बोललेले नाही. तूही बोलू नकोस.

सोमवारी, ३ तारखेला, माझी दुपारची ड्यूटी होती. दोन वीसला विमला गावडे नावाची बाई आली. वय त्रेपन्न, भांडुपला राहणारी, बारा वर्षांचा डायबिटीस. बरोबर नवरा, शिवदास. तिला खुर्चीत बसवलं आणि मनगट धरलं तर गार आणि ओलं. एसीत बसून कपाळाला घाम. चेहऱ्याचा रंग उतरलेला. काय होतंय विचारलं तर माझं आडनाव बिल्ल्यावर वाचून मालवणीत म्हणाली, "बाय, छातीत काय नाय. हय दाढेत ठणकता. माका कसातरीच होता."

डायबिटीसच्या बाईला हार्ट अटॅक येतो तेव्हा छातीत दुखेलच असं नाही. दाढ दुखते, पाठ दुखते, नुसतं कसंतरी होतं. नर्सिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकवतात हे. मला तिच्या मनगटावरूनच कळलं होतं.

पण आता आमच्याकडे तुमच्या कंपनीने बसवलेली सिस्टीम आहे. आम्ही सगळ्या तिला सिग्नल म्हणतो. नर्सने माहिती भरायची, सिग्नल रंग देणार. लाल म्हणजे डॉक्टर ताबडतोब, पिवळा म्हणजे वीस मिनिटांत, हिरवा म्हणजे तासाभरात. पडद्यावर प्रश्न आला, छातीत दुखतंय का? हो किंवा नाही. ती नाही म्हणाली. दहापैकी किती दुखतंय? तीन म्हणाली. बीपी, नाडी, ऑक्सिजन सगळं बरं. "कसातरीच होता" हे भरायला रकाना नव्हता. रंग आला हिरवा.

ऑगस्टमध्ये सिग्नल आला तेव्हा खालच्या कोपऱ्यात एक बटण होतं. नर्सला रंग चुकीचा वाटला तर ते दाबायचं, पेशंट एक पायरी वर जायचा. मी बोट तिथे नेलं. बटण नव्हतं. जानेवारीच्या अपडेटनंतर ते गेलं होतं आणि तेव्हापासून मला ते तातडीने लागलं नव्हतं, म्हणून माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

डॉक्टर प्रांजलला फोन केला. सव्वीस वर्षांचा मुलगा, त्या पाळीला एकटा, समोर पाच पिवळे. म्हणाला, बोर्डवर हिरवी दिसतेय, पिवळे संपवून येतो. दहा मिनिटांनी परत केला. तेच. हिरव्या पेशंटचा ईसीजी काढायचा तर आधी डॉक्टरची ऑर्डर सिस्टीममध्ये हवी, असा नवा नियम आहे. पावणेतीनला मी नियम गुंडाळून ठेवला आणि ईसीजी काढला. पट्टी बघितली आणि तिची खाट मी स्वतः ओढत डॉक्टरकडे नेली. मग सगळे धावले. कॅथलॅबच्या दारात तिचं हृदय थांबलं. तीन पस्तीसला आम्ही तिच्या छातीवरचे हात थांबवले. ती गेली होती.

दोन वीस ते पावणेतीन. ती पंचवीस मिनिटं मी का थांबले, हे मी रोज स्वतःला विचारते. त्याचं उत्तर माझं मी देईन. तुला विचारायचंय ते वेगळं. ते बटण कोणी काढलं? तुझ्या कंपनीचं काम आहे, तू त्याच कामावर आहेस असं तूच गणपतीत सांगत होतास. मला नाव हवंय.

जानकीमावशी


दहिसर
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. दोनदा वाचलं. एवढं सगळं होऊन तू आठ दिवस एकटी घरात बसून होतीस, याचं फार वाईट वाटलं. आईला सांगितलेलं नाही.

निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हे लक्षात घे. पेशंट दगावला की चौकशी होतेच, ती पद्धत आहे. तू फक्त शांत राहा. लेखी उत्तर देताना भावनेच्या भरात काही लिहू नकोस, विशेषतः त्या पंचवीस मिनिटांबद्दल. एखाद्या वकिलाला दाखव. माझ्या ओळखीत एक आहेत.

बटणाचं म्हणशील तर आमच्याकडे बऱ्याच टीम आहेत. मी पडदे कसे दिसावेत ते बघतो. काय ठेवायचं नि काय काढायचं हे दुसरीकडे ठरतं. तरी चौकशी करतो.

एक मात्र मनापासून सांगतो. सिग्नल वाईट हेतूने बनवलेला नाही. बाबा गेले तो दिवस तुला माझ्याइतकाच आठवत असेल. कॅज्युअल्टीच्या बाकावर चार तास बसून होते. नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन आलेला हात मोडलेला माणूस त्यांच्या आधी आत गेला. मी तेव्हा बारावीत होतो. मी या कामात आलो तो त्या बाकामुळे. यंत्राला कोणाची ओळख नसते, चिठ्ठी कळत नाही, ते फक्त आजार बघतं. आमच्या आकड्यांप्रमाणे तुमच्याकडे पेशंटचा थांबायचा वेळ निम्म्यावर आलाय. त्यात कितीतरी माणसं वाचली असतील, ती आपल्याला दिसत नाहीत एवढंच.

त्या बाईचं ऐकून मलाही त्रास झाला. पण सिस्टीमला जे सांगितलं गेलं त्यावरच ती रंग देणार ना?

जेवत जा वेळेवर. रविवारी येऊ का?

तुझा,
मुकुल


मुलुंड पूर्व
२४ फेब्रुवारी २०२५

मुकुल,

रविवारी आला नाहीस ते बरं केलंस. शनिवारी मला आरोपपत्र मिळालं आणि मी माणसांत नव्हते.

दोन आरोप आहेत. एक, डॉक्टरच्या ऑर्डरशिवाय ईसीजी काढला. म्हणजे ज्या एका गोष्टीमुळे त्या बाईचा आजार कोणालातरी कळला, तो माझा पहिला गुन्हा. दुसरा आरोप, पेशंटची माहिती चुकीची भरली. त्याला पुरावा म्हणून तुमच्या कंपनीचा अहवाल जोडलाय. एक पान आहे, खाली सही नाही. तुला वाचायला मिळाला नसेल म्हणून उतरवून देते.

"प्रणाली अपेक्षेप्रमाणे कार्यरत होती. वापरकर्ता एन-०४१७ यांनी छातीतील वेदना 'नाही' व वेदनेची पातळी 'तीन' अशी नोंद केली. प्राप्त माहितीनुसार दिलेला हिरवा प्राधान्यक्रम योग्य होता. वापरकर्त्याच्या स्तरावर नोंदीतील त्रुटी. प्रशिक्षणाची शिफारस."

एन-०४१७ म्हणजे मी.

बावीस वर्षं त्या दारात उभी आहे. सत्यनारायणाच्या पूजेतून उठून ड्यूटीवर गेलेय, कोविडमध्ये चाळीस दिवस घरी आले नाही, आणि आता मला प्रशिक्षणाची शिफारस. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात एका पेशंटचं मनगट धरलेलं नाही. त्याच्या समोर विमला गावडे नव्हतीच. एक नाही आणि एक तीन होतं.

आणि मुकुल, ही त्रुटी नाही. मी काय भरायला हवं होतं? तिने तीन सांगितलं ते मी सात भरू? मग तो खोटेपणाचा आरोप झाला असता. कोकणातल्या बाईला दुखणं किती विचारलं तर ती काय दहा सांगणार आहे? चार बाळंतपणं केलेली, पहाटे उठून डबे करणारी बाई ती. समोर नवरा काळजीत बसलाय म्हणून तिने तीन सांगितलं. हे मला दिसत होतं. म्हणूनच त्या बटणाकडे माझं बोट गेलं.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला टोचलं होतं, "सिस्टीमला जे सांगितलं गेलं त्यावरच". तेव्हा मी सोडून दिलं. अहवाल वाचल्यावर पुन्हा काढून बघितलं. तुमच्या ऑफिसात सगळे एकाच भाषेत बोलतात वाटतं.

हा अहवाल कोणी लिहिला ते मला शोधून दे. बटणाचं नाव राहू दे, हे आधी. चौकशी २१ मार्चला आहे.

मावशी


दहिसर
१ मार्च २०२५

मावशी,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

अहवाल मी लिहिला.

५ फेब्रुवारीला सकाळी माझ्याकडे ते काम आलं. अशी प्रकरणं आमच्याकडे फक्त क्रमांकांनी येतात. पेशंटचा क्रमांक, नर्सचा क्रमांक, वेळ, नोंदी. हॉस्पिटल तुमचं हे मला कळत होतं, पण तिथे साठ-सत्तर नर्स आहेत आणि ती तू असशील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. नोंदी बघितल्या, रंग ताडून बघितला, लिहून टाकलं. वीस मिनिटं लागली असतील. मग खाली गेलो. ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस होता, केक खाल्ला.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा तारीख, वेळ, ते 'नाही' आणि ते 'तीन' वाचलं. ऑफिसात जाऊन फाइल पुन्हा उघडली. तीच होती. तरी मी तुला ते पत्र लिहिलं, वकील बघ, जेवत जा. मला वाटलं चौकशीत आपोआप मिटेल आणि तुला कधी कळणार नाही.

आणखी एक आहे. बटणही मीच काढलं. टीम-बीम काही नाही. तुमच्या हॉस्पिटलचं सगळं काम माझ्याकडेच आहे. ९ जानेवारीला तुमच्याकडून लेखी मागणी आली, बटण काढा. कारण दिलं होतं. पेशंट पिवळ्यात गेला की वीस मिनिटांत डॉक्टर लागतो. नर्स बटण दाबतात म्हणून पिवळे वाढतात, वेळा चुकतात आणि एप्रिलमध्ये हॉस्पिटलच्या मानांकनाची तपासणी आहे. डॉक्टर वाढवण्याऐवजी पिवळे कमी करायचे, असा त्याचा सरळ अर्थ होता. मला तो तेव्हाच कळला होता. मी मिहिरला, म्हणजे माझ्या साहेबांना, म्हटलंही की हे धोक्याचं नाही का. ते म्हणाले, क्लायंटचं धोरण आहे, आपण धोरण ठरवत नाही. मी अर्ध्या तासात बटण काढलं आणि जेवायला गेलो.

मला काय म्हणायचंय तेच कळत नाही. ती नर्स तू आहेस हे मला माहीत नव्हतं, असं लिहावंसं वाटतं. पण नर्स दुसरी कोणी असती तर तो अहवाल बरोबर ठरला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि पुढे लिहिता येईना.

मुकुल


मुलुंड पूर्व
५ मार्च २०२५

मुकुल,

तू इथे येऊ नकोस. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

इंजिनीयरिंगची चार वर्षं तू माझ्या घरी राहिलास. ड्यूटीवरून आले की तू विचारायचास, आज काय काय झालं, आणि मी सांगायचे. कोणत्या पेशंटचा काय रंग झाला होता, कोणाची नखं निळी पडली होती, कोण खोटं हसत होतं. तू ऐकलेलं आहेस ते सगळं. दुसऱ्या कोणी वीस मिनिटांत हे लिहिलं असतं तर मी त्याला अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. तू अडाणी नाहीस. तुला माहीत होतं नर्स कशाने ओळखते. तरी तू लिहिलंस, नोंदीतील त्रुटी.

आणि तुझ्या बाबांचं नाव या कामात परत आणू नकोस. नंदकुमार भावोजींना बाकावर बसवलं ते माणसाने. बरोबर आहे. पण तू लहान होतास म्हणून तुला सांगितलं नव्हतं, तेराव्यानंतर मी त्या हॉस्पिटलात गेले होते. केसपेपरच्या खिडकीवर ज्याने चिठ्ठीवाल्याला आधी आत सोडलं, त्या माणसाला गाठलं. त्याच्या तोंडावर सांगितलं, तू काय केलंस ते. तो रडला माझ्यासमोर. पुढे त्याने कधी चिठ्ठीवाल्याला आधी सोडलं की नाही मला माहीत नाही, पण त्याला निदान भावोजींचं नाव ठाऊक झालं. तुमच्या सिग्नलला मी कुठे गाठू? कोणत्या खिडकीवर जाऊ? हॉस्पिटल म्हणतं कंपनी, कंपनी म्हणते हॉस्पिटल, साहेब म्हणतो धोरण, आणि सगळ्यांच्या खाली एन-०४१७.

चिठ्ठ्या संपल्या म्हणे. ९ जानेवारीची ती मागणी काय होती मग? नगरसेवकाची चिठ्ठी एका माणसाला पुढे न्यायची. तुमच्या चिठ्ठीने सगळ्या हिरव्यांना मागे बसवलं.

सुनंदाला मी आज सगळं सांगितलं. तुझी आई आहे, तिला कळायला हवं.

जानकी


दहिसर
१५ मार्च २०२५

मावशी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, फक्त वाच.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "चौकशीला तू गेला नाहीस तर मी जाईन, आणि माझ्या मुलानेच हे केलं म्हणून सांगेन." मी जायचं त्याआधीच ठरवलं होतं, पण ते तिला खरं वाटलं नसतं.

मी काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा मिहिरसाहेबांना म्हटलं, अहवाल चुकीचा आहे, मला दुरुस्त करायचाय. त्यांनी विचारलं काय चुकीचं आहे, आकडे तर बरोबर आहेत. मी म्हटलं आकडेच तेवढे बरोबर आहेत. नर्स माझी मावशी आहे हेही सांगितलं. झालं. तू भावनेत गुंतलायस म्हणाले, तुमच्या हॉस्पिटलचं काम माझ्याकडून काढून घेतलं आणि अहवाल क्लायंटने स्वीकारलाय, विषय संपला, असं लेखी दिलं.

काम काढून घेण्याआधी मी एक गोष्ट बघून ठेवली होती. ते बटण होतं त्या पाच महिन्यांत तुम्ही नर्सनी ते एकशे त्रेचाळीस वेळा दाबलं. पुढे त्या पेशंटचं काय झालं ते कोणी तपासलं नव्हतं. मी एकेक फाइल उघडून तपासलं. अठ्ठावन्न जण खरोखर गंभीर होते. सिग्नलने ज्यांना मागे बसवलं असतं, असे अठ्ठावन्न. आमच्याकडे हे सगळं 'विचलन' या नावाखाली पडून होतं, म्हणजे नर्स किती वेळा नियमाबाहेर गेल्या त्याचा हिशोब. त्याच तक्त्यावरून बटण काढायचं ठरलं. तोच तक्ता उलटा वाचला असता तर बटण मोठं केलं असतं.

मागणीची प्रत आणि हा तक्ता माझ्याकडे आहे. पेशंटची नावं त्यात नाहीत. २१ तारखेला मी येतोय. नोकरीत घेताना बाहेर काही न बोलण्याच्या कागदावर सही केली आहे, त्यामुळे पुढे काय होईल ते होईल. काल राजीनामा दिला.

घाबरलोय, हे लपवत नाही. पण हे तुझ्यावर उपकार म्हणून करतोय असं मनात आणू नकोस.

मुकुल


मुलुंड पूर्व
२ एप्रिल २०२५

मुकुल,

त्या दिवशी तुला आत जेमतेम दहा मिनिटं बसू दिलं. बाहेरचा माणूस म्हणून आधी हटकलं, मग मी माझा साक्षीदार म्हणून हट्ट धरला तेव्हा घेतलं. तू बोललास ते नीट बोललास. "अहवाल मी लिहिला आणि तो चुकीचा आहे" हे वाक्य तू खाली न बघता म्हणालास. तुला बाहेर पाठवल्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

तू ठेवलेला मागणीचा कागद तेजल मॅडमनी, म्हणजे आमच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांनी, उचलून परत पालथा ठेवला. सही त्यांचीच आहे. मग डॉक्टर प्रांजलला बोलावलं. आधीच्या लेखी जबाबात त्याने फोन आठवत नाही असं म्हटलं होतं. आत येऊन तो माझ्याकडे न बघता म्हणाला की सिस्टरने दोनदा फोन केला, पेशंट बरी दिसत नाही असं सांगितलं, आणि मी बोर्ड बघून नाही म्हटलं. त्याला कोणी शिकवून पाठवलं नव्हतं. पोरगा त्या खुर्चीत बसून रडला. मला त्याचा राग नव्हताच. पाच पिवळ्यांसमोर सव्वीस वर्षांचं पोर एकटं उभं करणाऱ्यांचा आहे.

तासाभराने मला आत बोलावून सांगितलं, दोन्ही आरोप मागे, निलंबन मागे, पगार चालू, आणि ओपीडीत बदली, तिथे त्रास कमी. एका कागदावर सही करायची होती. प्रकरण मिटलं, आणि पेशंटच्या नातेवाइकांशी याबाबत काही बोलणार नाही. मी दोनदा वाचला आणि सही केली नाही. त्यांनी विचारलं, तुम्हाला हवंय तरी काय, तुम्ही तर सुटलात. मी म्हटलं, मी सुटायला आले नव्हते.

सही न करता शुक्रवारी कामावर गेले. अडवलं नाही कोणी. कॅज्युअल्टीतच गेले. बटण परत आलंय. करड्या रंगाचं, लहान, आणि दाबलं की कारण लिहायला तीन रकाने उघडतात. ते भरेपर्यंत दोन मिनिटं जातात. डॉक्टर अजून एकच.

मग रविवारी मी भांडुपला शिवदास गावडेंकडे गेले. त्यांच्याबद्दल तुला सांगायला हवं. मुलुंडच्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. मुलं बाहेरगावी. घरात एकटेच होते. मला ओळखलं, पाणी दिलं, आणि माझ्या आधी स्वतःच बोलायला लागले. त्या दिवशी सकाळपासून विमला बरं नाही म्हणत होती. ते म्हणाले, पाळी संपवून येतो, मग जाऊ. दीडला घरी आले, तेव्हा निघाले. हॉस्पिटलने नंतर त्यांना सांगितलं होतं की तुम्ही उशिरा आणलंत, आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. दोन महिने तो माणूस हे धरून बसलाय. कामावर जात नाही. मोठ्या मुलीने आईला बापाने मारलं असं म्हणून बोलणं टाकलंय.

हे कोणी सांगितलं त्यांना, मुकुल? तोंडाने कोणीतरी सांगितलं असेलच. रंग कोणाचा, नियम कोणाचा, सही कोणाची, आणि दोष बसला तो त्या घरात.

मी त्यांना सगळं सांगितलं. बटणाचं, फोनचं, ईसीजीचं. माझी पंचवीस मिनिटंही सांगितली, ती लपवली नाहीत. म्हटलं, "तुम्ही वेळेवर आणलं होतंत. ती चालत आत आली होती. उशीर आम्ही केला."

मला वाटलं माझ्या अंगावर येतील, आणि ते आले असते तरी मी हलले नसते. मग त्यांनी मला तेच परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आधी त्यांनी त्या मोठ्या मुलीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन माझ्यासमोर ठेवला. मी सांगत होते, मुलगी ऐकत होती. शेवटी पलीकडून फक्त "बाबा" एवढंच ऐकू आलं.

त्यांना पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यायची आहे. मी माझा जबाब लिहून दिलाय, नोकरी राहो न राहो. त्यांनी विचारलं, कंपनीचा तो कागद लिहिणारा माणूस पुढे येईल का. मी म्हटलं, माझा भाचा आहे, येईल. तुला विचारलं नाही.

मी तुला माफ केलंय अशी समजूत करून घेऊ नकोस. ते माझ्याकडून व्हायचं तेव्हा होईल, कदाचित होणारही नाही. आणि माफी मागायचीच असेल तर मी दुसरी. पहिले ते आहेत. त्यांना तुझा चेहरा बघायचा आहे, असं ते म्हणाले.

सोमवारी सात तारखेला सकाळी दहाला भांडुप स्टेशनच्या पश्चिमेला तिकीट खिडकीपाशी ये. ओळखपत्र आण, आणि त्या तक्त्याच्या तीन प्रती.

मावशी